काकूची बारी

काकू गेली आणि आईच्या ओव्या बंद पडल्या. आमच्या धावडा गावात पिठाची गिरणी येऊन जमाना झाला, पण भाकरीपुरती बाजरी आई आणि काकू, दोघी जावा, घरच्या जात्यावरच दळायच्या. गिरणीच्या पिठाला चव नसते, असं सांगायच्या. मला विचाराल तर त्यांना गायला निमित्त हवं असायचं. एकीनं ओवी म्हणायची, दुसरीनं तिला जोडून पुढची. दळण संपताना जिची बारी राहील तिनंच दुसऱ्या दिवशी सुरुवात करायची, ही आमच्या घरची रीत होती.

शेवटच्या दळणाला बारी काकूवर राहिली. ती परत जात्यावर बसलीच नाही. मग आईही बसली नाही. त्या ओव्या दुसऱ्या कुणालाच येत नाहीत, मलाही नाहीत. आई अशीच गप्प राहिली तर सगळं तिच्याबरोबरच जाणार, ही धास्ती मला कायम असायची.

मी भोकरदनला शाळेत शिकवते. कॉलेजातला माझा एक मित्र देशोदेशीच्या गायकांना एकत्र बसवून गाणी रेकॉर्ड करतो. विजेवर चालणारं वाद्य दिसलं की त्याच्या कपाळावर आठी पडते. यंदाच्या हिवाळ्यात तो सेनेगलच्या एका गायिकेला घेऊन आमच्या घरी आला. उंच, हसरी बाई. ओसरीवर टेकायच्या आधीच तिनं सुपातली बाजरी मुठीत घेतली आणि आनंदानं इंग्रजीत ओरडली, "ही तर आमचीच!" त्यांच्याकडेही बाजरीच पिकते, हे मी आईला मराठीत सांगितलं.

मित्र लाडात येऊन म्हणाला, "मावशी, दोनच ओव्या म्हणा."

"माझी बारी न्हाई, बाबा."

"अहो, नुसतं रेकॉर्डिंग आहे."

"मंग? जावेची बारी राह्यली ना. तिच्या मधी मी कशी घुसू?"

आमची आई एकदा अडून बसली की बसली. मी वैतागून पाहुणीला इंग्रजीत सगळं सांगितलं, थोडं हसतच. ती हसली नाही. त्यांच्याकडे एका उखळात दोघी जणी आळीपाळीनं मुसळ घालतात आणि गातात, असं ती म्हणाली. एखादीला यायला जमलं नाही, तर शेजारीण तिचं मुसळ उचलते. मग तिनं हळूच विचारलं, "तुझ्या काकूच्या जागी मी बसले तर?"

मी आईला सांगितलं. आई तिच्याकडे बघतच राहिली.

"हिला ओवी येती?"

"नाही. तिची गाणी तिला येतात."

"बस म्हना मंग."

आईनं जात्यात बाजरीची मूठ घातली, खुंटा धरला आणि पाहुणीचा हात आपल्या हाताच्या वर ठेवला. काकूचा तिथंच असायचा. जातं घरघरू लागलं. पाहुणी खालच्या आवाजात गाऊ लागली. मला एक शब्द कळत नव्हता, पण तिचा श्वास जात्याच्या फेऱ्याला बरोबर येऊन टेकत होता. ती थांबली. नुसतं जातं फिरत राहिलं. मी देवाचं नाव घेतलं. आणि आई गायली:

*समुद्राच्या पल्याडची कोन लेक माझ्या दारी*
*तिच्या बी गं ओटीमंदी माझ्या रानाची बाजरी*

ही ओवी मी कधी ऐकली नव्हती. तिथल्या तिथं रचली होती तिनं! पाहुणीनं लगेच तिला जोडून आपलं गाणं उचललं, मग आईनं. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, तरी कुणी कुणाला अडखळू दिलं नाही. असं काही या घरात घडू शकतं यावर माझा अजून विश्वास बसत नाही. मित्र माईक धरून दगडासारखा बसला होता आणि मी पदराला डोळे पुसत होते.

सूप रिकामं झालं तेव्हा शेवटचं गाणं पाहुणीचं होतं. त्या पिठाच्या भाकरी खाऊन दोघं संध्याकाळी निघाले. मी मुक्कामाला राहिले.

सकाळी आई सूप घेऊन जात्यापाशी बसलेली. मला हाक मारली.

"ये. आज माझी बारी हाय, समोर कोनी पाहिजे."

"आई, मला एकसुद्धा धड येत नाही."

"तिला तरी कुठं येत व्हती?" आई म्हणाली, आणि खुंट्यावर माझ्यासाठी वर जागा सोडून तिनं आपला हात खाली सरकवला.