मालक नाही म्हणतोय

हे सुजाताला माहीत नाही. सुजाता माझी बायको, शाळेत शिकवते. माझ्या घोरण्यापासून माझ्या भित्रेपणापर्यंत तिला सगळं ठाऊक आहे, पण हे नाही. मुलीला नाही, भावाला नाही. आज तुम्हाला सांगतोय, तेही रागाच्या भरात — आणि हा राग कुणावर आहे ते पुढं कळेलच. आधी थोडं इकडचं तिकडचं बोलेन. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो. खोडच आहे ती.

आम्ही राहतो ती टाउनशिप चाकणच्या पुढं एका उजाड माळावर आहे. नुसता मुरूम. बिल्डरनं त्यावर गोल्फचं मैदान केलं, मधे तळं खोदलं, कडेनं खजुराची झाडं क्रेननं आणून उभी केली आणि जाहिरात केली — वाळवंटातल्या रिसॉर्टसारखं जगा. आता मला सांगा, वाळवंटासारखं जगायला पैसे कोण मोजतं? आम्ही मोजले. मे महिन्यात खालच्या गावात टँकर येतो आणि वर आमच्या गवतावर संध्याकाळभर फवारे चालू असतात. गेटवरचा वॉचमन त्याच गावचा, ही जमीन त्याच्या चुलत्याची होती. तो एकदा मला म्हणाला, "साहेब, आमची बाजरी कदी धड आली न्हाई हितं. ह्यांचं गवत बरं येतंय." मी हसलो. मला गोल्फ येत नाही. आमच्या विंगमध्ये कुणालाच येत नाही. तरी पाहुणे आले की आम्ही सगळे त्यांना बाल्कनीत नेतो आणि हात लांब करून हिरवळ दाखवतो, जणू आमच्या बापानं पेरली आहे.

मग तिथं घर का घेतलं? सांगतो. लग्नानंतर आम्ही सांगवीत भाड्यानं खोली शोधत होतो. एका घरमालकीणबाईंनी चहा दिला. पूर्ण नाव विचारलं. गाव विचारलं. मग गावात घर कुठल्या बाजूला आहे ते विचारलं. चहा संपायच्या आत ती खोली त्यांच्या भाच्याला आधीच दिलेली निघाली. असे भाचे मला पुढं पुष्कळ भेटले — कुणाचा पुतण्या, कुणाची नात, एकदा तर कुणाचे गुरुजी. तेव्हाच डोक्यात बसलं, एक दिवस असं घर घ्यायचं की जिथं कुणी काही विचारणार नाही.

तिथंही विचारलंच. पण गोडीत. सोसायटीचे सेक्रेटरी क्लबहाउसमध्ये पहिल्यांदा भेटले तेव्हा म्हणाले, "गायकवाड म्हणजे बडोद्याकडचे का?" आणि मी — मी नुसता हसलो. हसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं मी स्वतःला समजावलं. त्या हसण्यावर मी तिथं मजेत राहिलो. हॉलमधली आमची बुद्धाची मूर्ती कुणाच्या डोळ्यांवरही आली नाही. तिथं घरटी एक बुद्ध असतोच, चपलांच्या कपाटावर, शोभेचा. आमच्या बुद्धासमोर सुजाता रोज वंदना म्हणते. दार लावून म्हणत जा, असं मी तिला सांगितलं. आवाज लिफ्टपर्यंत जातो म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून ती दार लावायला लागली.

हे तसं काहीच नाही. असं करणारे खूप आहेत. मी सांगणार आहे ते वेगळं.

यासीन मुलाणी आणि मी कंपनीत एकाच दिवशी लागलो. तो मेंटेनन्सला, मी क्वालिटीला. सुरुवातीला कँटीनमध्ये दोघे-तिघे माझ्या आडनावावरून, डब्यावरून हळू आवाजात काहीबाही बोलायचे आणि मी मान खाली घालून जेवायचो. यासीनच्या ते कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी, प्रेस मशीन धडधडत असताना, तो शॉपफ्लोअरच्या पार दुसऱ्या टोकाकडून ओरडला, "जय भीम, गायकवाड राव!" सगळ्या लायनीनं माना वळवल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. पण गडी थांबला नाही. रोज, प्रत्येक शिफ्टला तेच. एक दिवस मीही छाती फुगवून ओरडलो, "सलाम, मुलाणी." त्यानंतर कँटीनमधली कुजबुज बंद पडली. माझं नाव मोठ्यानं घ्यायला मला त्यानं शिकवलं, असं म्हटलं तरी चालेल. हे लक्षात ठेवा. माझ्या लक्षात राहिलं नाही.

पुढं मी मॅनेजर झालो. त्यानं कंपनी सोडून भोसरीत स्वतःचं वर्कशॉप काढलं. चांगलं चाललं. घर मात्र त्याच गल्लीत, मागच्या बाजूला, शेजारी पावडर कोटिंगचं युनिट, दिवसभर रंगाची भुकटी उडवणारं. त्याच्या बायकोला, शबानाभाभीला, तिथं दमा जडला. डॉक्टरांनी सांगितलं, गल्ली सोडा. यासीन दोन वर्षं गल्ली सोडायचा प्रयत्न करत होता. दिघीत, पुनावळ्यात, मोशीत. त्याला कुठं काय ऐकायला मिळत होतं ते तो मला सांगायचा, आणि मीच त्यावर सगळ्यांत जास्त तापायचो. सांगवीच्या त्या भाच्याची गोष्ट त्याला ऐकवायचो. आम्ही दोघं हसायचो.

मग एका रविवारी तो आणि भाभी आमचं घर बघायला आले. मी क्लबहाउससमोर सेक्रेटरींशी बोलत उभा होतो. यासीननं पार्किंगमधून मला पाहिलं आणि हिरवळीच्या पलीकडून, तोच आवाज, तीच हौस — "जय भीम, गायकवाड राव!"

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. भुवई तेवढी वर गेली, तीही जरा.

"कंपनीतली जुनी गंमत आहे," मी म्हणालो.

गंमत. त्याच्या त्या हाकेला मी गंमत म्हणालो. यासीन जवळ आला, त्यानं मिठी मारली, आणि मी "सलाम" म्हणालो — हळू, फोनवर बोलतात तसं. त्याच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल. भाभी बाल्कनीत उभ्या राहिल्या, आणि बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "इथं खोकला आला नाही मला." तेवढंच. आमच्या शेजारचा फ्लॅट विकायला होता, दारावर पाटीच होती. यासीननं ती वाचली. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. "भावा," तो म्हणाला, "तू बोल ना मालकाशी. तुझ्या शब्दाला मान आहे इथं."

मालक म्हणजे दीक्षितकाका. एकटे राहायचे, मुलगी नाशिकला, तिच्याकडे जायचं चाललं होतं. मी गेलो त्यांच्याकडे. खरंच गेलो. यासीनचं नाव सांगितलं, पूर्ण. काका म्हणाले, "तुम्ही ओळखता ना माणसाला? मग मला आणखी काय पाहिजे? घेऊन या उद्या, चहाला."

आणि मी जिन्यात येऊन उभा राहिलो. लिफ्ट घेतली नाही. उभा राहून काय विचार केला? भाभींच्या खोकल्याचा? नाही. मी विचार केला, हा माणूस रोज सकाळी ही हाक मारणार. रोज, लिफ्टमध्ये, गणपतीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये. त्याला थांबवायचं कसं? भावा, जरा हळू म्हण — हे त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं? ते सांगायची लाज वाटली. म्हणून त्याहून स्वस्त वाट धरली. तिथंच जिन्यात त्याला फोन लावला.

"यासीन, मालक नाही म्हणतोय."

त्यानं 'का' असं विचारलं नाही. त्याचा मला आजही संताप येतो. अरे, विचार ना. भांड. म्हण की मी स्वतः भेटतो त्याला. मागं त्याच्या वर्कशॉपमधला ग्राइंडर चालू होता. मग तो म्हणाला, "तेच ना?"

मी म्हणालो, "हं."

माझं सगळं खोटं एवढंच. एक 'हं'. बाकीचं लोकांनी त्याच्याकडून आधीच पाठ करून घेतलेलं होतं. मी फक्त त्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. सांगवीच्या बाईंनी निदान स्वतःचा भाचा पुढं केला होता. मी एका सरळ म्हाताऱ्याला पुढं केलं. आणि वर, कुणी विचारलेलं नसताना, म्हणालो, "मी भांडलो रे त्याच्याशी. लई बोललो."

"जाऊ दे राव," यासीन म्हणाला. "तू कशाला डोकं खराब करून घेतो. तुला राहायचंय तिथं."

तो मला धीर देत होता.

काकांना मी सांगितलं, मित्राचं जमत नाही. ते हळहळले. सुजाताला मात्र यासीनला सांगितलं तेच सांगितलं — दोघांना दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या की गोंधळ होतो, क्वालिटीत राहून एवढं कळतं. ती काकांना दर गुरुवारी आमटी द्यायची. तिनं ती बंद केली. समोरून आले तर मान वळवायला लागली. काकांनी मला एकदा विचारलं, "सुजाताताई रागावल्यात का हो? माझं काही चुकलं का?" मी म्हणालो, शाळेतल्या कामाचा ताण आहे. मग ते घर विकून नाशिकला गेले. जाताना आमच्या दारात तुळशीची कुंडी ठेवून गेले. सुजातानं ती उचलून वॉचमनला दिली. ढोंगी मेला, असं म्हणाली. मी तिथंच सोफ्यावर पेपर वाचत होतो.

आणि यासीन? तो ही गोष्ट सांगत फिरतो. चांगली म्हणून सांगतो. त्याच्या मुलीच्या लग्नात त्यानं मला हाताला धरून सगळ्या पाहुण्यांत फिरवलं: "हा माझ्यासाठी मालकाशी भांडलाय. स्वतःच्या सोसायटीत." म्हाताऱ्या माणसांनी माझे हात हातात घेतले. एका चाच्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, त्यात काय एवढं. खरं तर तेव्हा ओरडून सांगायला हवं होतं. ओरडायला त्यानंच शिकवलं होतं ना मला?

शेजारी आता एक आयटीतलं जोडपं राहतं. दोघं दिवसभर एसी लावून आत असतात. बाल्कनीचं दार कधी उघडत नाहीत. ते बंद दार बघितलं की मला असा काही राग येतो त्यांचा — त्यांचा काय संबंध, सांगा? पण येतो. फवाऱ्यांचा येतो, खजुरांचा येतो, सेक्रेटरींच्या त्या भुवईचा तर येतोच. जिथं यायला पाहिजे तिथं सोडून सगळीकडे येतो.

यासीन अजून त्याच गल्लीत आहे. यंदा ईदला आम्ही गेलो. पावडर कोटिंगवाल्यानं आता आणखी एक शेड टाकली आहे. दारात पोहोचायच्या आधीच आतून हाक आली, तीच, पहिल्या दिवसाइतकी खणखणीत. सुजातानं हसून उलट "जय भीम" घातला. मी सलाम केला. भाभी पलंगावर बसल्या होत्या, वाफ घ्यायचं मशीन चालू होतं, तोंडावर मास्क. मला बघून त्यांनी मास्क खाली ओढला. दोन वाक्यांच्या मधे त्यांना थांबावं लागत होतं.

"घर नाही मिळालं तर नाही मिळालं," त्या म्हणाल्या. "आमच्यासाठी कुणीतरी भांडलं. ते पुरे आहे."

मग त्यांनी मास्क परत लावला आणि सुनेला हातानं खूण केली, भाईंची वाटी रिकामी आहे. सूनबाई शीरखुर्म्याचं पातेलं घेऊन आली.

मी वाटी पुढं केली.