कडी नसलेलं दार

दादरच्या साडीच्या दुकानात नोकरीला लागले आणि पहिल्याच दिवशी माझं भांडण झालं ते संडासाच्या दारावरून. दुकानामागच्या बोळकांडीतल्या त्या दाराला आतून कडीच नव्हती. कडीच्या जागी स्क्रूची भोकं तेवढी उरली होती. मी म्हटलं, एवढ्या महागाच्या पैठण्या विकता, एक कडी लावायला काय धाड भरलीय? गादीवरचे सगळ्यांत जुने सेल्समन, ज्यांना सगळे काका म्हणत, हातातल्या साडीची घडी घालता घालता म्हणाले, "आत गेलीस की गाणं म्हणायचं. कोणी येणार नाही."

आणि खरंच तिथे सगळे गायचे. शेठसुद्धा, आणि शेठचा गळा म्हणजे रिकाम्या डब्यात खडे. मी हट्टाने गप्प बसायचे. मग बाहेरून काकांचा आवाज यायचा, "पोरी, आहेस ना?" त्यात चेष्टा नसायची. माझ्या अंगावर काटा यायचा आणि का येतो ते कळायचं नाही.

ते कळलं डबा खाताना. शेजारच्या सेल्सगर्लने मटकीची उसळ वाढता वाढता सांगितलं की माझ्या जागेवर आधी एक माणूस होता. एका दुपारी तो आत गेला, कडी लावली, आणि फिट येऊन पडला. दुकानात गर्दी होती, कोणाच्या लक्षात आलं नाही. दार फोडलं तेव्हा सगळं संपलं होतं. इतकी वर्षं बरोबर काम केलं, पण त्याला हा आजार आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. कडी शेठनी स्वतःच्या हाताने काढून टाकली.

मी डबा बंद केला. कारण मलाही तोच आजार आहे, नववीत होते तेव्हापासून. परळला आमच्या घरात त्याला नुसतं 'चक्कर' म्हणतात. आईने मला दोनच गोष्टी शिकवल्या, गोळी चुकवायची नाही आणि सांगायचं नाही. आई चुकीची नव्हती. आधीच्या एका ऑफिसात मी खरं सांगितलं, तर तिथल्या मॅडमनी गोड हसून कॉफी पाजली आणि आठवड्याभरात घरी बसवलं. बाबांचं काम सुटलं होतं, घर माझ्यावर होतं. ही नोकरी गेली असती तर आम्ही कुठे जाणार होतो?

त्या दिवसापासून तो गेलेला माणूस माझ्याबरोबर राहायला लागला. त्याचाच कप्पा माझ्याकडे आला होता. काही जुन्या, न विकलेल्या साड्यांवर त्याच्या घडीची मोड तशीच होती. मी दुसरीकडून मोडायला गेले की कापड आपोआप त्याच्या मोडीवर परतायचं. भरदुपारी, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात, मला त्या साड्यांची भीती वाटायची.

फिट येण्याआधी मला अर्धंएक मिनिट मिळतं. जिभेवर लोखंडाची चव येते, आवाज लांब जातात. लग्नसराईत झोपेचे तीनतेरा वाजले होते, आणि एका संध्याकाळी ती चव आली. पाय आपोआप बोळकांडीकडे वळले. आत शिरले, दार ओढलं, हात कडी शोधायला लागला. बोटं नुसती त्या भोकांवरून फिरली. तेव्हा मला कळलं तो त्या दुपारी आत कशाला गेला होता. लपायला. मी घाबरून दार ढकललं, दुकानाकडे धावले आणि भर गादीवर, गिऱ्हाइकांच्या पुढ्यात कोसळले.

पुढचं मला इतरांनी सांगितलं. कोणीतरी हुंगवायला चप्पल आणली, तर काकांनी त्याला त्याच चपलेने हाणायची धमकी दिली. मला कुशीवर वळवलं. दोघींनी साडी आडवी धरून पडदा केला. शुद्धीवर आले तेव्हा डोक्याखाली शेठची पैठणी होती आणि तिच्यावर माझी लाळ. मी पहिलं वाक्य बोलले ते, "शेठ, मला काढू नका."

शेठ उकिडवे बसले होते. म्हणाले, "उद्या आराम कर, परवापासून ये. माळ्यावर माल काढायला तू चढायचं नाही. सीझन असो नसो, आठला घरी." एक जण पुटपुटली, "मग आम्ही पण पडतो आजारी." मला तिचा राग आला. पण आठनंतर माझ्या वाटच्या साड्यांच्या घड्या तीच घालते, हेही खरं.

काका रोज गोळीच्या वेळेला पाणी आणून ठेवायचे. पेला माझ्यापुढे, नजर माझ्या मागे कुठेतरी. हे पाणी मला नाही, त्याला आहे, असं वाटून मी चिडायचे. चिडून प्यायचे.

मग एक दिवस त्याची बायको आली, पुतण्याच्या लग्नाच्या साड्या घ्यायला. काका उठून उभे राहिले. "वहिनी, आमचं लक्ष नव्हतं हो त्या दिवशी," एवढंच बोलले.

"लक्ष कसं असणार?" ती म्हणाली. "मीच त्यांना सांगून ठेवलं होतं, दुकानात बोलू नका, नोकरी जाईल."

काका मटकन खाली बसले. तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्याबद्दल तिला कोणीतरी सांगितलं असणार.

"तू सांगितलं होतंस?"

"नाही," मी म्हटलं. "आई नको म्हणाली होती. इथे सगळ्यांसमोर पडले, तेव्हा कळलं."

तिने माझं मनगट धरलं, दुखेल इतकं घट्ट, आणि तिच्या तोंडून गावची मालवणी आली. "पडलंस तर पडलंस, पण माणसांत पडलंस गो."