सरांचा मित्रदेश

भारत आणि इस्रायल यांची मैत्री नाशिकच्या गंगापूर रोडवरूनच चालते, असं आमच्या शेजारच्या सरांशी पाच मिनिटं बोललेल्या कुणालाही वाटलं असतं. सर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. तरुणपणी बागायतदार भावाबरोबर द्राक्षबागायतदारांच्या दौऱ्यात आठ दिवस इस्रायलला जाऊन आले, तेव्हापासून बाल्कनीतल्या तुळशीलाही ठिबकानेच पाणी. सलाइनची नळी लावलेली ती तुळस बघून सरांच्या पत्नी, आमच्या काकू, विचारायच्या, "हिला डिस्चार्ज कधी?" लग्नाच्या पंगतीत सर वधूपित्याला गाठून समजावत, की दोन लोकशाह्यांचं नातंही सोयरिकीसारखंच, एकमेकांचं उणंदुणं पोटात घालायचं असतं. मात्र कुणी गाझातल्या लेकरांचं विचारलं की त्यांचा आवाज उतरे. "मैत्रीत कधी कधी गप्प बसावं लागतं," एवढंच म्हणून ते चष्मा पुसत राहत.

इस्रायलमध्ये बांधकामाला माणसं हवीत हे कळल्यावर पेठ तालुक्यातल्या लक्ष्मणला त्यांनीच तयार केलं. लक्ष्मण दर हंगामाला सरांच्या भावाच्या बागेत कामाला येई. सेंट्रिंगचं काम जाणणारा, दोन मुलींचा बाप. त्याचा फॉर्म सरांनी स्वतः भरला. लक्ष्मण तिकडे गेला, वर्ष-दीड वर्षात त्याने पाठवलेल्या पैशांतून गावी पक्कं घर उभं राहिलं आणि त्या घराचा फोटो सर भाजीवाल्यालासुद्धा दाखवू लागले. मग तिकडे हवाई हल्ल्यांचे भोंगे वाजायला लागले. दिवसातून चार-पाचदा तळघरात कोंडून घ्यावं लागतं, असं लक्ष्मण फोनवर सांगे, आणि थोड्या दिवसांची गोष्ट आहे, असा सर त्याला धीर देत. शेवटी तो परत आला. अंगावर ओरखडाही नव्हता. सर पेढे घेऊन पेठला निघाले, सोबत मला नेलं.

लक्ष्मण ओट्यावर बसला होता. आमच्याकडे बघून हसला, पण उठला नाही. त्याची बायको हळू आवाजात म्हणाली, "घर झालं, सर. पण ह्यांना आत बसवत नाय. दार लावलं का जीव घाबरा व्हतो."

सरांनी पेढ्यांचा पुडा तिच्या हाती दिला आणि ते ओट्यावर लक्ष्मणशेजारी टेकले. परतताना एसटीत सावळ घाट सरल्यावर ते म्हणाले, "मैत्री दोन देशांची होती रे. कोंडला गेला तो एकटा."

हल्ली ते दर गुरुवारी पेठला जातात आणि ओट्यावर लक्ष्मणशेजारी बसून येतात. देशांविषयी बोलत नाहीत. मागच्या खेपेला लक्ष्मण आपण होऊन आत गेला आणि सरांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आला. हे मला सांगून सर पुढे म्हणाले, "दार उघडंच होतं म्हणा."