साहेबांच्या तळ्यांची सफर

आखातातल्या त्या बेटावरून सौदीला जाणारा समुद्रावरचा पूल तेव्हा व्हायचा होता. सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये मी साहेबांचा ड्रायव्हर होतो. साहेब कॅनडाचे. त्यांच्या केबिनमध्ये त्यांच्या मुलखाचा नकाशा लावलेला होता. हिरवंगार रान आणि त्यात निळी तळीच तळी. आमचे सुतारमिस्त्री एकदा खिडकी बसवायला आत गेले आणि त्या नकाशासमोर उभेच राहिले. मिस्त्री रायगडच्या खाडीकाठचे, होड्या बांधणाऱ्या घरातले.

"येतोस?" साहेबांनी विचारलं. "जुलैत मी सुट्टीवर जाणार. होडी घेऊन या तळ्यातून त्या तळ्यात."

मी मराठीत सांगितलं. मिस्त्री लाजले. "येतो म्हणून सांग."

मग रोज चहाच्या वेळी तेच. होडी कुठे सोडायची, कुठलं रान ती डोक्यावर घेऊन ओलांडायचं, अस्वलाच्या भीतीने शिधा झाडाला कसा टांगायचा. साहेब नकाशावर बोट फिरवायचे, मी समजावून सांगायचो. मिस्त्रींनी मुहर्रकच्या बाजारातून लोकरीचा कोट आणला. उरल्यासुरल्या फळ्यांतून दोन वल्ही घडवली. मे महिन्यात त्यांची गावी जायची पाळी होती, ती त्यांनी दुसऱ्याला देऊन टाकली.

"आई आजारी आहे ना तुमची?" मी म्हटलं.

"एवढं बघून येतो, मग तिलाच सांगत बसेन."

जूनमधल्या एका शुक्रवारी साहेबांनी त्यांना रिफाच्या बंगल्यावर बोलावलं. वल्ही घेऊन ये म्हणाले. दिवाणखान्यात पाहुणे जमले होते. "दाखव, कसं वल्हवणार?" मिस्त्री गालिच्यावर बसले आणि वल्हवू लागले. "आणि अस्वल आलं तर?" मिस्त्रींनी तेही करून दाखवलं. बायका डोळे पुसत हसत होत्या. मिस्त्रींनाही हसू आलं.

गाडीत मी सांगितलं, "मिस्त्री, ते तुम्हाला कुठेही नेणार नाहीत. चेष्टा चालली होती."

त्यांना ते खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन ते स्वतः विचारायला गेले.

"चेष्टासुद्धा कळत नाही का रे?" साहेब म्हणाले.

"मग मला गावी तरी सोडा."

"मी नसताना? रजा मफी, मिळणार नाही. पुढच्या वर्षी बघू."

साहेब गेले. पंधरवड्यात मिस्त्रींची आई वारल्याची तार आली. आमचे पासपोर्ट साहेबांच्या तिजोरीत असायचे आणि किल्ली साहेबांकडे. त्यांच्या हाताखालचा माणूस म्हणाला, "ते जंगलात आहेत. तिथे फोन नाही."

मिस्त्री रोज कामावर येत राहिले. फळीला रंधा मारायचे, तो थांबवायचे विसरून जायचे.

साहेब परतले ते उन्हाने लाल होऊन. टेबलावर फोटो पसरून त्यांनी हाक मारली, "यल्ला मिस्त्री, तुझी तळी बघ!"

मिस्त्रींनी फोटोंकडे पाहिलंही नाही. "पासपोर्ट," एवढंच म्हणाले. पुन्हा इथे कामाला येणार नाही, असं मिस्त्रींनी लिहून दिलं, तेव्हा कुठे तो मिळाला.

मीच त्यांना विमानतळावर नेलं. मी त्यांची पेटी उतरवली, पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि आत गेले. परत आलो तर साहेब दारातच उभे. उशीर झाला म्हणून मला ओरडले. त्यांना क्लबात जायचं होतं.