मी कंट्रोलमध्ये होतो तेव्हा

विज्ञानाच्या प्रगतीसाठी मी आयुष्यात एकच गोष्ट केली, ती म्हणजे काहीही केलं नाही. तेवढ्यानेही माझं लग्न मोडायची वेळ आली.

आम्ही तेव्हा नुकतेच गिरगावातून वाशीला राहायला आलो होतो. (नातेवाईक विचारत, "खाडीपलीकडे माणसं राहतात?") मी एम. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीने परीक्षेनंतर नोकरी द्यायचं कबूल केलं होतं. एवढ्या भांडवलावर आईने माझ्यासाठी मुलगी शोधायला घेतली आणि ठाण्याच्या पाटणकरांची सुनंदा तिला पसंत पडली. मला तर ती आधीच पसंत होती. मावसभावाच्या लग्नात मी दुसऱ्यांदा पंगतीला बसत असताना हिनेच मला सगळ्यांदेखत उठवलं होतं. त्या दिवसापासून मला दुसरी कोणी सुचत नव्हती.

त्याच सुमारास आमच्या कॉलेजात साठे मॅडमनी संशोधन सुरू केलं. विद्यार्थ्यांच्या तब्येतीचा अभ्यासावर काय परिणाम होतो, हे त्यांना शोधायचं होतं. निम्म्या मुलांना रोज दूध, केळी आणि कवायत. दूध-केळ्यांसाठी मी सर्वांत आधी नाव दिलं आणि चिठ्ठी निघाली ती उरलेल्या निम्म्यांत.

"तू कंट्रोल ग्रुपमध्ये," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे मी काय करायचं?"

"काहीही नाही. आहेस तसाच राहायचं. जेवण, झोप, आळस, काही बदलायचं नाही. महिन्यातून एकदा वजन आणि रक्त तपासू. आणि हे बघ, परीक्षा होईपर्यंत लग्नबिग्न करू नकोस. खाणंपिणं बदलतं, माझी सगळी मेहनत वाया जाईल."

संशोधनात आपली निवड झाली याचा मला इतका अभिमान वाटला, की मी घरी काहीच सांगितलं नाही. निकाल लागला की एकदम धक्का देऊ, असा विचार होता. धक्का बसला, पण ठरल्यापेक्षा बराच आधी बसला.

इथे एक खुलासा करायला हवा. आमच्या घरात 'कंट्रोल' या शब्दाचे दोनच अर्थ होते. एक रेशनच्या दुकानातला, म्हणजे कंट्रोलचा तांदूळ. दुसरा अर्थ बायका आवाज खाली आणून बोलत तो. अमकीच्या नवऱ्याने दोन मुलांवर कंट्रोल केला, तमक्याला तर कचेरीतून उचलून नेऊन केला. नसबंदीच्या मोहिमा संपून गेल्या होत्या, पण त्यांची धास्ती अजून लोकांच्या पोटात होती.

तर एका शनिवारी संध्याकाळी पाटणकर नवराबायको आमचं घर बघायला आले. पाटणकर आरोग्य खात्यात कारकून होते. त्यांनी नळ सोडून पाहिले, खिडक्या लावून पाहिल्या, माझ्या खांद्यावरही एक थाप मारून पाहिली. सगळं उत्तम चाललं होतं. आईने शिरा पुढे केला आणि दारात म्हात्रेकाकू आल्या.

म्हात्रेकाकू मूळच्या जवळच्याच सारसोळे गावातल्या. खाली त्यांचं किराणा दुकान होतं आणि बिल्डिंगमधला एकमेव फोनही तिथेच होता. त्यामुळे आमचे सगळे निरोप त्यांच्या तोंडून येत, आणि त्या तोंडाला हळू बोलायची सवय नव्हती.

"वसंतदादा हाय का? कालेजातून बाईचा फोन आलता," काकू धापा टाकत म्हणाल्या. "सोमवारी तपासनीला बोलावलाय. आनि बाई बोलली, तो कंट्रोलमदी हाय ना, मंग परीक्षा होईस्तवर त्याचा लगीन करू नका."

निरोप देऊन काकू गेल्या.

"काय म्हणाल्या त्या?" अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अगदी बारीक आवाजात विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी खुर्चीत ताठ बसलो. "हो अण्णा. मी कंट्रोलमध्ये आहे. तुम्हाला मागाहून सांगणार होतो."

आईच्या हातातला शिऱ्याचा डाव ताटलीत पडला. पाटणकरबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, कौतुकाने लावला.

"वसंतराव," पाटणकर खाकरून म्हणाले, "तुम्हाला जबरदस्तीने..."

"छे छे, मी स्वतःहून नाव दिलं. सगळ्यात आधी."

"स्वतःहून?"

"आमच्या कॉलेजात बरेच जण आहेत. मुलीसुद्धा आहेत."

पाटणकरबाईंचा पदर आता डोळ्यांपर्यंत गेला. पाटणकर मात्र खात्यातले असल्यामुळे तपशिलात शिरले. "त्रास झाला?"

"काहीच नाही. दर महिन्याला जावं लागतं एवढंच."

"दर महिन्याला? अहो, ते एकदाच असतं."

"नाही, आमच्या मॅडम दर महिन्याला करतात. सोमवारी पुन्हा आहे."

"मॅडम करतात," पाटणकर पुटपुटले. "बाई करतात, आणि पुन्हा पुन्हा करतात. आमच्या खात्याने टार्गेटच्या नावाखाली बरंच काही केलं असेल, पण बिनलग्नाच्या पोराला कधी हात लावला नव्हता हो." त्यांनी चपला शोधायला सुरुवात केली.

आईला एवढ्यात कंठ फुटला. "मेल्या, बदल्यात दिलं काय त्यांनी तुला?"

"मला काहीच नाही मिळत, आई. दूध-केळी बाकीच्यांना."

"काहीच नाही? लोकांना तुपाचे डबे मिळाले, ट्रान्झिस्टर मिळाले, आणि हा फुकट करून आला," असं म्हणून आई रडायला लागली. पाटणकर पतीपत्नी नमस्कार न करता जिना उतरून गेले.

"आता खरं सांग," अण्णा माझ्याजवळ येऊन म्हणाले, "ऑपरेशन कुठे केलं?"

"कसलं ऑपरेशन?"

अण्णांनी सांगितलं. सुनंदाचे आईवडील माझ्याबद्दल नेमकं काय समजून ठाण्याला निघाले होते, हे डोक्यात उतरलं आणि मी अनवाणी धावलो.

ते बसस्टॉपवर रांगेत उभे होते आणि बस लागत होती. विचार करायला वेळ नव्हता. मी लांबूनच ओरडलो, "पाटणकरसाहेब, माझं ऑपरेशन झालेलं नाही!"

अख्खी रांग वळली. पाटणकरांनी बायकोचा हात धरला आणि समोर आली त्या बसमध्ये चढले. (ती ठाण्याच्या उलट दिशेला, बेलापूरला जाणारी होती.) रांगेतल्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन पाठीवर हात ठेवला. "झालं नसेल तर करून घे. घाबरू नकोस, दुखत नाही."

ती रात्र कशी काढली ते मलाच माहीत. मुलगी हातची गेली याचं दुःख होतंच, पण सुनंदाला हे सगळं तिचे वडील कोणत्या शब्दांत सांगत असतील, या विचाराने अंगावर काटा येत होता. रविवारी सकाळी मी साठे मॅडमच्या घरी जाऊन सगळा प्रकार सांगितला. त्या हसून हसून बेजार झाल्या, मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "चल ठाण्याला. असा ताण घेतलास तर तुझं वजन उतरेल, माझे आकडे बिघडतील."

पाटणकरांनी दार अर्धंच उघडलं.

"ह्याला आम्ही काहीही केलेलं नाही," मॅडमनी उंबऱ्यातूनच सांगितलं. "दुसरी मुलं सुधारली की नाही ते कळायला एक न सुधारलेला गट ठेवावा लागतो. त्याला कंट्रोल म्हणतात. हा त्यातला आहे."

"म्हणजे सगळं जागच्या जागी आहे?"

"मी फक्त वजन आणि रक्त बघते हो," मॅडम घाईघाईने म्हणाल्या.

दार पूर्ण उघडलं. आतल्या खोलीच्या दाराशी सुनंदा उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने मॅडमनाच विचारलं, "परीक्षा होईपर्यंत ह्यांच्यात काही बदल करायचा नाही. आणि त्यानंतर?"

"त्यानंतर खुशाल कर."

"मग माझी हरकत नाही," सुनंदा म्हणाली. मला एवढा आनंद झाला, की ती नक्की कशाला हो म्हणते आहे, ते लक्षातच आलं नाही.

परीक्षेनंतर लग्न झालं आणि दुसऱ्याच आठवड्यात माझं दूध, केळी आणि पहाटे खाडीच्या बांधावरून चालणं सुरू झालं. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी एकदा भाजीबाजारात आम्हा दोघांना साठे मॅडम भेटल्या. त्यांनी कुतूहलाने सुनंदाला विचारलं, "काय ग, काही फरक?"

सुनंदाने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "मॅडम, ह्यांना कंट्रोलमध्ये टाकणारी तुमची चिठ्ठी चुकली नव्हती."