प्रादास्कोत नीवेस थांबली

पहाटेपासून दरीत धुकं मळक्या गोधडीसारखं पसरलं होतं, आणि त्यातून पाऊस असा झिरपत होता की धड भिजवेना, धड कोरडं राहू देईना. हॉटेलच्या मागच्या अंगणात मेकॅनिक सायकलींच्या चेनना तेल देत होता आणि प्रत्येक चेनला एक शिवी घालत होता. नीवेस रोदिगारी नळाखाली बाटल्या धरून उभी होती. काही साध्या पाण्याच्या, काही साखर-मिठाच्या. कप्तान कोस्तांझाच्या बाटल्या ती वेगळ्या भरायची आणि कोमट ठेवायची. पाणी गार लागलं की कोस्तांझा बाटली भिरकावते. एकदा तिनं ती नीवेसच्या खांद्यावरच भिरकावली होती.

नीवेस टीमची पाणकी. शर्यतीत मागं राहून गाडीतून बाटल्या घ्यायच्या, अंगावरच्या जर्सीत कोंबायच्या, घोळक्यातून वाट काढत पुढं नेऊन द्यायच्या. कप्तानाच्या पुढं राहून वारा आपण खायचा आणि ऐन वेळी बाजूला व्हायचं. तिशी उलटली तरी बाईनं एकही शर्यत जिंकलेली नव्हती, आणि ते कुणी विचारतही नव्हतं. पोरवयात ती आमच्या प्रादास्कोहून खालच्या डेअरीला दुधाचे कॅन पाठीला बांधून सायकलवर जायची आणि रिकामे कॅन खडखडवत घाट चढून परत यायची. तिच्या मांड्या तिथं घडल्या. आई देल्फीना म्हणायची, गुरांची कामं चुकवायला कार्टीनं चाकं काढलीत. लेक शर्यती खेळायला लागल्यावर म्हातारीनं एकदाही बघायला पाऊल उचललं नाही.

त्या दिवशीची शर्यत नेमकी प्रादास्कोतून जाणार होती. गाव संपलं की पूल, पुलापासून सान ज्यूस्तोचा घाट, आणि घाटमाथ्यावर शेवट. अशा वेळी घोळक्यात एक रीत पाळतात. जिचं गाव येतं तिला सगळ्या जणी पुढं सोडतात. ती घरच्यांना भेटते, गाल पुढं करते, आणि घोळका आला की परत त्यात शिरते. तोवर कुणी जोर काढत नाही. मात्र आधी विचारावं लागतं, तेही लाल जर्सीवालीला, म्हणजे अनेक दिवसांच्या या शर्यतीत त्या दिवसापर्यंत एकूण वेळेत सगळ्यांत पुढं असलेलीला.

लाल जर्सी हिल्डे नावाच्या डच बाईच्या अंगावर होती. हाडं रुंद, बोलणं तोडून. सकाळी सही करायच्या मांडवात नीवेसनं तिला गाठलं आणि घोळका येईपर्यंत आपण घरासमोर उभं राहू, असा शब्द दिला. हिल्डेनं मान हलवली.

व्हॅनमध्ये टीमचा मॅनेजर तार्चीझिओ नकाशा मांडीवर घेऊन बसला होता. परवानगी मिळाल्याचं कळताच त्याचे डोळे चमकले. त्यानं बेत सांगितला. नीवेसनं पुढं जायचं, पण थांबायचं नाही. गाव मागं टाकून पुलापाशी पोचायचं. घोळका गप्पा मारत रेंगाळेल, तेवढ्यात कोस्तांझा उसळी मारून तिला गाठेल, आणि दोघी घाटाला लागतील. कोस्तांझा हिल्डेच्या मागं दुसऱ्या नंबरावर होती. एवढ्या उडीनं लाल जर्सी तिची झाली असती.

नीवेस म्हणाली, मी शब्द दिलाय.

"शब्द माझ्या टीमच्या जर्सीत दिलास ना?" तार्चीझिओ म्हणाला. "मग तो माझा शब्द. पुढच्या वर्षी इथं राहायचंय ना तुला?"

कोस्तांझा केस बांधत होती. तिनं आरशातूनच ऐकवलं, "आईचा गाल काय पळून चाललाय? संध्याकाळी चाट म्हणावं."

नीवेस गप्प बसली. तार्चीझिओनं त्या गप्प बसण्याचा अर्थ हो असा धरला. आजवर तो तसाच निघाला होता. पण पुढच्या वर्षी सायकलीवर राहायचं तर टीम लागते, आणि टीम असूनही घोळक्यानं वाळीत टाकलेल्या बाईला कुणी मागचं चाक धरू देत नाही, म्हणजे आपल्या पाठीशी वाऱ्याच्या आडोशाला राहू देत नाही, हे नीवेसला दोघांपेक्षा जास्त कळत होतं. इकडं आड, तिकडं विहीर. ती दिवसभर बाटल्या वाहत राहिली आणि हेच चघळत राहिली.

प्रादास्कोच्या अलीकडं हिल्डेनं हात वर केला. घोळका सैल झाला. नीवेस एकटी पुढं निघाली.

गावानं पलंगावरची चादर फाडून त्यावर नीवेसचं नाव रंगवलं होतं. बारवाला एर्मेस मीठ लावलेल्या मांसाच्या चकत्या आणि वाइन घेऊन उभा होता. आणि डेअरीच्या भिंतीला टेकून, रबरी बूट घालून, हाताची घडी घालून देल्फीना. शेजारणींनी दंडाला धरून आणली होती.

नीवेसच्या पायांनी अजून काही ठरवलं नव्हतं. आई दिसली आणि बोटांनी ब्रेक दाबला.

"थांबलीस व्हय?" देल्फीना म्हणाली.

"थांबले."

"कशापायी? हितं काय ठिवलंय तुझं? हारायचंच हुतं तर गोठ्यात ऱ्हायाचं, थितं कुनी इचारत न्हाई."

नीवेसनं तिच्या गालावर ओठ टेकले. म्हातारीनं मनगटानं गाल पुसला. लोक हसले, एर्मेसनं पेला पुढं केला, आणि तेवढ्यात वळणावरून कोस्तांझा आली. एकटी, हँडलवर वाकलेली, जबडा आवळलेला. पाणकी पुलापाशी असेल या हिशेबानं तिनं उडी मारली होती, आणि पाणकी वाइनच्या पेल्याशेजारी उभी.

"चल, गाढवे!" ती ओरडली आणि तशीच पुढं गेली.

"ही कोन भवानी?" देल्फीनानं विचारलं.

"आमची कप्तान."

"मग जा की तिच्या मागनं. हानंल न्हाईतर तुला."

नीवेस गेली नाही. घोळका येईपर्यंत उभं राहीन म्हणाली होती, उभी राहिली. घोळका आला तो मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसा. चार भाषांतल्या शिव्या तिच्या अंगावरून गेल्या. एक जण थुंकली, ते पुढच्या चाकावर पडलं. गावाला एवढंच दिसलं की आपल्या पोरीवर सगळ्या थुंकतायत. एर्मेसनं पेला मागं घेतला.

घाटात तिला कुणी जागा देईना. चाक धरायला गेली की पुढची बाजूला सरकायची आणि वारा तिच्या तोंडावर सोडायची. एका पोलिश पोरीनं कोपर असं मारलं की ती गटाराच्या काठावरून परतली. तरीही रेटत ती हिल्डेच्या बरोबरीला आली आणि म्हणाली, मी थांबले होते.

हिल्डेनं मान वळवली नाही. "तू थांबलीस. तुझी टीम थांबली नाही. मला दोन हिशेब ठेवता येत नाहीत."

मग तिनं पेडलवर उभं राहून जोर लावला आणि घोळका दोऱ्या सुटल्यासारखा विस्कटला.

माथा अजून लांब होता तेव्हा सगळ्यांनी कोस्तांझाला गाठलं आणि मागं टाकलं. नीवेसला ती दिसली तेव्हा ती रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी चालली होती. ओठ पांढरे, नाकातून शेंबूड.

"चाक धर," नीवेस म्हणाली.

"तुझं? मेले तरी नाही."

दोन वळणांनंतर तिनं ते धरलं.

लोक पुढं म्हणाले, बघा कशी इमानी. इमान वगैरे काही नव्हतं. अडेल गायीला दावं लावून चढावर ओढावं तसं नीवेसनं तिला ओढलं. तिला झेपेल त्याहून थोडं जास्त, तुटणार नाही एवढंच कमी. कप्तानाचा श्वास कुठं अडकतो ते ती वर्षानुवर्षं पाठीमागं ऐकत आली होती, आणि आज ती बरोबर तिथंच वेग वाढवत राहिली.

"हळू," कोस्तांझा रडवेली झाली.

"हळू घरी जाऊन चाल."

"आई घालीन तुला."

"आधी वर तर ये."

एकेक करून त्या पुढच्यांना मागं टाकत गेल्या. पोलिश पोरीशेजारून जाताना नीवेसनं तिच्याकडं पाहिलं नाही, फक्त रस्त्याची मधली पट्टी तिला मिळू दिली नाही. शेवटची रेघ आली तशी कोस्तांझा सवयीनं बाजूनं निघाली, तिच्या पुढं झाली, आणि दोन्ही हातांनी हँडलवर कोसळली. एकूण वेळेत तिचा दुसरा नंबर टिकला. लाल जर्सी हिल्डेकडंच राहिली.

तार्चीझिओ टॉवेल घेऊन कोस्तांझाकडं धावला. नीवेसकडं यायला त्याला बराच वेळ लागला. आला तेव्हा त्यानं सायकलच्या सीटवर हात ठेवला आणि सांगितलं की उद्यापासून यायची गरज नाही, पुढच्या वर्षाचंही दुसरीशी बोललोय, सायकल टीमची आहे तेव्हा ती इथंच ठेव.

"तिला वर कुणी आणली?"

"ते तुझं कामच आहे. गावात काय केलंस ते बोल."

नीवेसनं सायकल कठड्याला टेकवली. तिनं हेल्मेट हँडलला अडकवलं. हिल्डेच्या टीमचा मॅनेजर जवळच उभा होता. क्षणभर तिला वाटलं, त्याला विचारावं. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि पाठ फिरवली.

खालपर्यंत तिला चीज नेणाऱ्या तीनचाकीत जागा मिळाली, मागं, डब्यांच्या मध्ये. गावात चादर उतरवलेली होती. एर्मेस खुर्च्या टेबलावर पालथ्या घालत होता. बारमधल्या टीव्हीवर बातमी देणाऱ्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं होतं की प्रादास्कोच्या पोरीनं रीत मोडून घोळक्याला फसवलं. एर्मेसनं नीवेसला पाहिलं आणि पालथ्या घातलेल्या खुर्च्या पुन्हा मोजल्यासारखं करू लागला.

गोठ्यात दिवा जळत होता. देल्फीना गायीच्या सडाला तेल लावत होती. मागं वळून न बघताच तिनं विचारलं, "ती भवानी कितवी आली?"

"सहावी."

"आन तू?"

"सातवी."

म्हातारीनं तेलाचा हात बुटाला पुसला. "मंजी तुला तिच्या म्होरं जाता आलं असतं."

"आलं असतं."

"आन गेली न्हाईस."

"न्हाई. तरी बी हाकललं मला."

"मग बरं झालं हाकललं त्ये." देल्फीनानं गायीच्या पाठीवर थाप मारली आणि सरकून बसली. "मक्याची पोलेंता चुलीवर हाय. पर आदी वासरांखालचं काढ, म्या सकाळधरनं वाकलीया."

नीवेसनं टीमची जर्सी काढून खुंटीला टांगली, बापाचा जुना सदरा घातला, आणि भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं. शेण ओलं होतं, जड होतं. तिनं एका कोपऱ्यापासून सुरुवात केली.