नळाचं पाणी न पिणारा आतेभाऊ

माझ्या आतेभावाइतका जुन्याला चिकटून बसलेला माणूस बेलापुरात झाला नाही, आणि अमेरिकेतही त्याला तोड नसावी, म्हणूनच तिथल्या लोकांनी त्याला तीनदा आमदार केलं. गावात नळ आले तरी हा घागर घेऊन आडावर जायचा. म्हणायचा, "नळ सरकारचा, आड आपला." पुढे अमेरिकेत स्थायिक झाल्यावर तिकडच्या विधिमंडळात त्यानं हेच इंग्रजीतून चालवलं: कर कमी करा, सरकारनं उंबऱ्याच्या आत येऊ नये, कुटुंब टिकलं तर देश टिकेल. आमचे हे होते तोवर मी त्याची नक्कल करून त्यांना हसवायची. हे गेले, नक्कल राहिली.

आमच्यात मामाच्या मुलीवर आतेभावाचा पहिला हक्क. आत्या विचारायला आली. "पोरगं लई हट्टी हाय, पर तुला जपंल." मी वयानं एकोणीस, अकलेनं नऊ. म्हणाले, "नळाचं पाणी न पिणारा ग्रामपंचायतीतसुद्धा निवडून यायचा नाही." मग सावेडीतलं नळ असलेलं घर बघून लग्न केलं. नळाला पाणी दिवसाआड यायचं, हे नंतर कळलं.

गेल्या निवडणुकीत भर सभेत कुणीतरी त्याला विचारलं, कुटुंबाचं एवढं सांगता, तुमचं कुटुंब कुठंय? यानं सरळ सांगून टाकलं, "मामाच्या मुलीशी लग्न ठरायचं होतं. ती नाही म्हणाली." तिकडे मामाची मुलगी म्हणजे बहीणच. सभा गार पडली आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे बोभाटा. पक्षवाल्यांनी गळ घातली, थट्टेनं बोललो म्हणा. हा म्हणाला, आमच्या रीतीची मला लाज नाही. आणि पडला.

ते भाषण नातीनं मोबाईलवर दाखवलं. "आजी, ती मुलगी म्हणजे तू?"

"मामाला काय एकच मुलगी असते?" मी म्हटलं. आमच्या वडिलांना एकच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्याला फोन लावला. "एवढा एक शब्द फिरवला असतास तर खुर्ची राहिली असती रे."

"खुर्चीसाठी तुला नाकारू? एकानं नाकारलं तेवढं पुरे."

सगळ्या गल्लीला उत्तरं देणारी मी, पाण्याकडे वळले. विचारलं, "पाणी कुठलं पितोस?"

"विहिरीचं. दारातच खोदून घेतलीय. गोड लागलंय, आपल्या आडासारखं."

मागे मोरीत नळ आला होता. बादली भरून वाहू लागली. मी उठले नाही.